घरचं वायफाय

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाखाली बसून बबडी टॅबलेटवर चित्र काढत होती. "किती वेळ गं ते? डोळे फुटतील," म्हणत आईनं तो तिच्या हातातून ओढून घेतला. बंद करणार एवढ्यात तिची नजर वरच्या कोपऱ्याकडे गेली. वायफायच्या रेघा, त्याही पूर्ण. तिनं बोटानं पट्टी खाली ओढली. तिथं लिहिलं होतं, सुखी संसार. आणि त्याच्याखाली, जोडलं आहे.

आता यात घाबरण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण 'सुखी संसार' हे तिच्या नवऱ्याच्या घरातल्या वायफायचं नाव होतं. नाव ठेवायला काय, जीभ थोडीच झडते माणसाची! आणि ते घर इथून इतकं लांब होतं, की सकाळी निघालेला माणूस रात्रीच पोचावा. घरच्या भिंतीवरचा वायफायचा डबा काही पाय फुटून इथवर चालत आला नव्हता. त्याच नावाचा, त्याच पासवर्डचा दुसरा डबा कुणीतरी हातात घेऊन आलं होतं, आणि ते कुणीतरी या क्षणी याच गल्लीत उभं होतं.

तिनं टॅबलेट बंद केला, चांगला काळा होईपर्यंत बटण दाबून धरलं.

"मी काही नाही केलं," बबडी लगेच म्हणाली.

"वायफाय कुणी लावलं?"

"आपोआप लागलं. खरंच! मी नुसती मांजराची शेपूट रंगवत होते."

"आणि याआधी कधी लावलं होतंस? बबडे, खरं सांग. मी रागावणार नाही."

बबडीनं ओठ चावला. आई रागावणार नाही म्हणते तेव्हाच जास्त रागावते, हा तिचा अनुभव. "ग्रंथालयात," ती हळूच म्हणाली. "तू पुस्तक बदलत होतीस ना, तेव्हा. तिथं सगळ्यांना फुकट असतं, भिंतीवर पाटीच आहे. लावलं आणि माझी जुनी चित्रं परत आली, सगळीच्या सगळी!"

कप्पाळ! चित्रं परत आली, म्हणजे टॅबलेट जुन्या खात्यात शिरला होता. आणि ते खातं उघडून दिलं होतं बापानं. कुठल्या गावातून उघडलं गेलं, याचा निरोप त्याच घटकेला त्याच्या फोनवर जाऊन पडला असणार. ग्रंथालयाच्या फुकट वायफायनं गाव सांगितलं होतं. आता गल्ली आणि दार तेवढं शोधायचं उरलं होतं.

हे सगळं तिला कळत होतं, कारण तिचा नवरा वायफायच बसवायचा. हॉटेलं, दवाखाने, चहाची दुकानं, सगळीकडे त्याचे डबे. घरी आला की जेवता जेवता तो कौतुकानं सांगायचा, लोक किती बावळट असतात ते. 'मोफत वायफाय' असं नाव देऊन बाकावर नुसता डबा ठेवला तरी जो तो येऊन चिकटतो, कुणाचा ते विचारतसुद्धा नाही. आणि एकदा चिकटलेलं यंत्र ते नाव आयुष्यभर लक्षात ठेवतं. भाबड्या पोरासारखं असतं ते. ओळखीचं नाव ऐकलं, खूण पटली, की जातं कडेवर. तेव्हा ती हसायची, काय करणार! न हसून चालायचं नाही त्या घरात.

घर सोडलं तेव्हा म्हणून तिनं एकही गोष्ट मागे ठेवली नव्हती. फोन नवा, सिम नवं. बाहेरच्या वायफायला हात लावायचा नाही म्हणजे नाही, मग तो दवाखाना असो की बसस्टँड. मालकीण मावशीनं लॉन्ड्रीचा पासवर्ड दिला तोही तिनं घेतला नव्हता. "अगं, वायफाय देतेय, विष नाही!" मावशी म्हणाली होती. एवढी सावध बाई, पण टॅबलेटवरच्या जुन्या नेटवर्कवर बोट दाबून 'विसरा' एवढं म्हणायचं राहून गेलं. का, तर तो चित्रं काढायचा होता. आई सगळीकडे संशयानं बघते, पोराच्या खेळण्याकडे कोण बघतं?

तिनं इस्त्री उभी ठेवली, वाफेचा खटका बंद केला. खोलीत एकदम शांतता झाली. बाजूच्या, गल्ली दिसणाऱ्या खिडकीशी हॉटेलच्या चादरींचे गठ्ठे रचलेले होते. त्यांच्याआड उभं राहून तिनं गल्लीत डोकावलं. समोर चपलांचं दुकान, त्याच्या बाजूला दुचाकी दुरुस्तीवाला. एक बाई पिशव्या घेऊन चाललेली. नवऱ्याची ती मान पुढे काढून चालायची ढब तिनं हजारांत ओळखली असती, पण तो कुठंच दिसेना. न दिसणारा नवरा दिसणाऱ्यापेक्षा वाईट.

तेवढ्यात मावशी कोट घेऊन आत आली. आवाज ढोलासारखा, मन लोण्यासारखं, आणि या दोन्हींची तिला स्वतःलाच खबर नाही. "काय गं, भूत बघितलंस का?"

"तो आलाय, मावशी."

मावशीला सगळं ठाऊक होतं. तिनं कोट खाली ठेवला. "कुठाय? दाखव मला. गरम इस्त्रीनं थोबाड सरळ करते मेल्याचं."

"दिसत नाही. पण इथंच आहे. मावशी, मागून बाहेर पडायला वाट आहे?"

"वाट कुठली! मागे भिंत. हे एकच दार. थांब, पोलिसांना फोन लावते."

"लावा. पण ते येऊन त्यालाच विचारतील, काय हो, काय काम? तो म्हणेल, बायको-मुलीला भेटायला आलोय. मागच्या गावात हेच झालं. पोलीस गेले की मग तो बोलतो."

एवढ्यात दुकानाच्या दारावरची घंटी वाजली. मावशीनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं, पडदा ओढला आणि पुढं गेली. आईनं बबडीला ओढून पोटाशी धरलं, तिच्या तोंडावर हात ठेवला. पडद्याला मध्ये बोटभर फट होती.

"या," मावशीचा आवाज. "कपडे कुठायत?"

"कपडे नाहीत हो, बाई. जरा टेकू का? सकाळपासून चालतोय, पाय भरून आलेत."

हा आवाज त्याचा नव्हता. हा बाबांचा होता. तिच्या बाबांचा.

तिनं फटीला डोळा लावला. बाबा स्टुलावर बसत होते, गुडघ्यावर हात टेकून, नेहमीसारखे आधी एक बाजू टेकवून मग दुसरी. वाळले होते. शर्टाची कॉलर मळलेली. खांद्याला एक काळी पिशवी, तिचा पट्टा त्यांनी दोन्ही हातांनी धरलेला, जशी कुणी दुसऱ्याची ठेव सांभाळावी. त्या पिशवीत डबा होता. तिच्या बापाच्या खांद्यावर 'सुखी संसार' टांगून नवऱ्यानं त्यांना गल्लोगल्ली फिरायला सोडलं होतं.

किती हुशार माणूस! स्वतः आला असता तर तिनं लांबूनच बघून पळ काढला असता. म्हाताऱ्याला कोण हटकतं? आणि तिला बाबा दिसले असते, तर तिनं स्वतःच धावत जाऊन गळ्यात हात टाकले असते. तेच तर हवं होतं त्याला. आणि खरं सांगायचं तर, या क्षणीसुद्धा तिला तेच करायचं होतं. वर्ष झालं होतं त्यांना बघून.

तिच्या हाताखाली बबडीचे ओठ हलले. आजोबा, असे. आईनं जोरात मान हलवली, नाही म्हणून.

"कुणाला शोधताय?" मावशीनं विचारलं.

"लेकीला. आणि नातीला." बाबांनी खिशातून फोन काढला, लांब धरून डोळे बारीक केले. "लेकीचं डोकं जरा फिरलंय, बाई. चांगलं घर, चांगला नवरा, आणि एक दिवस पोरीला घेऊन निघून गेली. जावई रडतात हो माझ्यापुढं. त्यांनी हे यंत्र दिलंय. नात जवळपास असली की यात तिच्या टॅबलेटचं नाव उमटतं. मघाशी उमटलं होतं, इथंच. मग गेलं."

"यंत्रांचं काय खरं असतं," मावशी म्हणाली. "माझं धुण्याचं मशीन रोज सांगतं पाणी नाही, आणि फरशीवर तळं."

बाबा हसले नाहीत. त्यांचा फोन वाजला. कान कमी, म्हणून ते नेहमी स्पीकरवर बोलत. त्यांनी बटण दाबलं, आणि त्या छोट्याशा दुकानात तिच्या नवऱ्याचा आवाज भरून राहिला.

"बाबा, कुठं आहात? तिथंच थांबा! लागलं होतं, मी बघितलं."

ती चादरींच्या गठ्ठ्याला टेकली. बबडी तिच्या अंगाला अशी बिलगली, की तिच्या छातीतली धडधड आईला पोटावर कळत होती. एका आवाजानं पोर एवढी भ्यायली होती.

"लागलं, पण लगेच गेलं," बाबा मोठ्यानं म्हणाले. "जावईबापू, मी दमलोय. उद्या बघू का?"

"उद्या? तुम्हाला नातीची काही पडलीय का नाही?" मग आवाज साखरेत घोळला. "तसं नाही बाबा. आता अगदी जवळ आलोय आपण. मी शेजारच्या शहरातून निघालोच, दोन तासांत पोचतो. तुम्ही फक्त ती गल्ली सोडू नका. ती दिसली तर गोड बोला, बसवून ठेवा. माझं नाव काढू नका. आणि मी आलो की तुम्ही पोरीला घेऊन जरा लांब फिरायला जा. तिनं बघायला नको."

"काय बघायला नको?"

पलीकडून नुसता गाडीचा हॉर्न ऐकू आला.

"काय बघायला नको, जावईबापू?"

"काही नाही हो. रडारड होईल ना तिची. तुम्हाला कशाला एवढे प्रश्न? सांगितलंय तेवढं करा!"

फोन बंद झाला. बाबा त्याच्याकडे बघत बसले. पडद्याआड ती विचार करत होती, दोन तास. बाबा इथून हलणार नाहीत, आणि एकच दार. लपून राहिलं तर तो येतो, आणि बाहेर पडलं तर बाबा बघतात. बाबांनी बघितलं तर ते त्याला सांगतील, न विचारता सांगतील. पण बाबांनी दोनदा तोच प्रश्न विचारला होता. आयुष्यात तिच्या बापानं जावयाला कधी उलटून काही विचारलं नव्हतं. तेवढ्या एका गोष्टीवर भरवसा ठेवावा का? तिनं बबडीचा हात सोडला आणि पडदा बाजूला केला.

बाबा उठायला गेले आणि परत बसले. "तू..." एवढंच म्हणाले. मग त्यांची नजर तिच्या डाव्या मनगटावर गेली. हाड वाकडं जुळलं होतं, इस्त्री धरताना कळ यायची म्हणून ती उजव्यानंच सगळं करायची.

"हे कधी झालं?"

"मागच्या वेळी. दार लावून बोलला तेव्हा."

"अगं, मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं, बाबा!" तिचा आवाज चढला, मावशीनं धावत जाऊन दाराची कडी घातली तरी चढला. "फोन करून सांगितलं, घरी येऊन सांगितलं. तुम्ही म्हणालात, संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. तुम्ही मला त्याच्याच गाडीत बसवून परत पाठवलंत. आणि आज त्याची पिशवी खांद्याला लावून मला शोधताय!"

बाबांनी पिशवी खांद्यावरून काढली आणि जमिनीवर ठेवली. बबडी पडद्याआडून आली, त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं माझं," ते म्हणाले. "फार चुकलं. आता काय करू, सांग. हे फोडून टाकू का?"

"नको," ती म्हणाली. डोळे वाहत होते, पण डोकं चालू लागलं होतं. "फोडलंत तर त्याला कळेल, इथंच काहीतरी झालं म्हणून. तुम्ही कुठं आहात ते त्याला तुमच्या फोनवरून दिसतं ना?"

"हो. म्हणाले, तुम्ही हरवू नये म्हणून."

"आणि टॅबलेट या डब्याला लागला, की तेही दिसतं." तिनं पिशवीकडे बघितलं. "म्हणजे टॅबलेट आणि डबा एकाच पिशवीत असले, तर ते दोघे जिथं जातील तिथं त्याला वाटेल, आपण तिथं आहोत."

बाबांना समजायला थोडा वेळ लागला. मावशीला आधी समजलं. "अगं बाई गं," ती म्हणाली. "शेपटीला शेपूट बांधून द्यायची!"

"स्टँडवरून घाटापलीकडे जाणारी बस आता सुटेल. शेवटपर्यंतचं तिकीट काढा. तो तुमच्या मागे येईल. आम्हाला तेवढा वेळ पुरे. पण बाबा, शेवटच्या थांब्यावर तो तुम्हाला गाठेल. तुम्ही एकटे असाल. तो तुम्हाला..."

"मला काय करणार तो? मी काय त्याची बायको..." बाबा बोलता बोलता थांबले. स्वतःच्या तोंडून काय निघत होतं ते त्यांच्या कानांवर पडलं, कान कमी असले तरी. त्यांनी मान खाली घातली.

टॅबलेट बबडीचा. तिला विचारणं भाग होतं. तिनं तो छातीशी धरला, आईकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं. "माझी चित्रं?"

"नवीन काढू. कागदावर."

"मांजराची शेपूट अर्धीच राहिलीय."

"मी वाटेत बघत जाईन ती," आजोबा म्हणाले. बबडीनं टॅबलेट त्यांच्या हातात दिला, आणि देताना त्यावरचा धूळकट अंगठ्याचा ठसा फ्रॉकनं पुसून दिला.

आईनं तो चालू केला. वाट बघायला लागलीच नाही, टॅबलेट आपणहून डब्याला जाऊन चिकटला. सुखी संसार. जोडलं आहे. तिनं तो पिशवीत सरकवला, चेन लावली आणि पट्टा स्वतः बाबांच्या खांद्यावर चढवला. त्यांच्या अंगाला तोच साबणाचा वास होता, लहानपणापासूनचा. ती त्यांच्या गळ्यात पडली आणि त्यांनी तिला घट्ट धरून ठेवलं.

"आम्ही इथून निघतोय," ती त्यांच्या कानाशी बोलली. "मावशीची ओळख आहे एका ठिकाणी. तिथलं नाव सांगते, लक्षात ठेवा, लिहू नका. ते..."

"नको." बाबा एकदम बाजूला झाले. "मला सांगू नकोस. मला खोटं बोलता येत नाही गं. तो मला बसवेल, पाणी देईल, विचारेल, आणि मी सांगून मोकळा होईन. आजवर तेच तर करत आलोय." त्यांनी बबडीचे दोन्ही गाल हातात धरले, एकदा नीट बघून घेतलं. मग मावशीला नमस्कार केला, कडी काढली आणि बाहेर पडले.

ती चादरींच्या गठ्ठ्यांआड उभी राहिली. गल्लीत पोचता पोचता त्यांचा फोन वाजला. बाबांनी फोन पुढं धरला, आणि रस्त्यावरच्या आवाजातही त्यांचं मोठ्यानं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"हो, लागलंय. बघताय ना? पूर्ण रेघा आहेत... नाही, मला कुणी दिसत नाही समोर... चालतोय ना मी! रेघा जातील तिकडं चालतोय. स्टँडकडं. आता बस लागली तर बसमध्येही बसतो. तुम्ही या मागून."

एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. बाबा चपलांच्या दुकानावरून वळले. खिडकीकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही, बघितलं असतं तर पाय उचलला नसता त्यांचा. वळणावर पिशवी खांद्यावर नीट केली, आणि दिसेनासे झाले.

मावशी गाडीची किल्ली शोधायला लागली. हॉटेलच्या चादरींची गाडी आज लवकर निघणार होती, गठ्ठ्यांमागे दोन माणसांची जागा करून. "आटप," ती म्हणाली. "लागेल तेवढंच घे."

बबडी अजून खिडकीशीच होती, नाक काचेला लावून.

"आई, आजोबांना आपलं नवीन घर कसं सापडणार?"

खोटं सांगता आलं असतं. वर्षभर तिनं या पोरीला कितीतरी गोष्टी खोट्या सांगितल्या होत्या, इथं आपण मजेला आलोय, तुझे बाबा कामावर गेलेत, दार वाजलं तर आपण लपाछपी खेळायची. आता तिच्याच्यानं होईना.

"नाही सापडणार, बाळा," ती म्हणाली. आणि मग त्या धुतलेल्या, घडी केलेल्या चादरींवर बसून ती ओक्साबोक्शी रडली, चांगली मोठ्यानं, कारण तिचा आवाज ओळखणारा या गल्लीत आता कुणीच उरला नव्हता.